घड्याळात कॅमेरा बसवू का?

लालबागला माझ्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. २००४ साली मी त्याच दुकानात कॅमेऱ्यांचं काम सुरू केलं. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, चित्र स्वच्छ दिसेल ना?" आता बरेच जण विचारतात, "ताई, कॅमेरा कुणाला दिसणार नाही ना?" या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांतली चार याच प्रश्नाची आहेत. नावं काढून टाकली आहेत. सगळ्यात अवघड पत्र शेवटी घेतलंय, कारण त्याला जागा जास्त लागणार आहे.

प्रश्न : दादर पश्चिमेला आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. तीन मुलं कामाला आहेत. गेले तीन महिने रोज संध्याकाळी हिशेबात दोनशे-तीनशे रुपये कमी भरतात. मुलांना कळू न देता छुपा कॅमेरा लावला तर चालेल का? चोरी सापडली तर पोलीस ते चित्रण मानतील का?
– एक दुकानदार, दादर

उत्तर : दादा, गल्ल्यावर लावा. स्वतःच्या दुकानातल्या पैशावर लक्ष ठेवण्यात गैर काही नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात घरगुती वापराला सूट आहे, दुकानाला ती नाही, पण मालकाने स्वतःचं नुकसान टाळण्यासाठी केलेल्या वापराला वाव ठेवलेला आहे.

पण कॅमेरा घेण्याआधी काउंटरवरचं क्यूआर स्टिकर नखाने खरवडून बघा. अलीकडे मी पाहिलेल्या गल्ल्याच्या चोऱ्यांत नोट उचलल्याची प्रकरणं कमी. दुकानाच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असतं, नाहीतर गर्दीच्या वेळी "मशीन बंद आहे, माझ्या नंबरवर टाका" असं सांगितलेलं असतं. ही चोरी छताच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, ती रोजच्या पावत्या जुळवल्या की दिसते.

कॅमेरा लावलात तर तो चेहऱ्याकडे बघणारा नको, हाताकडे बघणारा हवा. बहुतेक दुकानांत तो गल्ल्यासमोर लावलेला असतो. त्यात चेहरा छान येतो आणि हात खणाच्या फळीमागे जातात. छताला, गल्ल्याच्या डोक्यावर, किंचित मागे लावा. नेहमीची २.८ मिलिमीटरची रुंद भिंग घेऊ नका. आठ फुटांवरून तिला शंभराची जांभळी नोट आणि पाचशेची राखाडी नोट सारखीच दिसते. ६ मिलिमीटरची घ्या.

छुपा कॅमेरा दहा दिवस ठेवा, जास्त नको. मग तिथेच दिसणारा डोम, म्हणजे अर्धगोल झाकणाचा कॅमेरा, लावा आणि दारावर पाटी लावा. छुप्या कॅमेऱ्याने चोरी थांबत नाही, झालेली चोरी नंतर दिसते. सव्वीस अकराच्या हल्ल्यानंतर मुंबईत सरकारने पाच हजारांच्या आसपास कॅमेरे बसवले, २०१६ मध्ये ते सुरू झाले. ते सगळे खांबांवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे आहेत. कॅमेरा दिसला की हात आपोआप आखडतो, म्हणूनच ते असे उघड्यावर आहेत.

आणि माळ्यावर काहीही लावू नका. तुमची मुलं तिथे कपडे बदलत असतील, डबा खात असतील, दुपारी पाठ टेकत असतील. तिथे कॅमेरा लावून द्या म्हणणारं एक गिऱ्हाईक मी परत पाठवलं होतं. तुम्हालाही तेच सांगेन.

आता पुराव्याचं. पहिली गोष्ट, डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर आहे का ते आजच बघा. वीज गेली, आतला छोटा सेल संपला की ते भलत्याच सालावर जातं, आणि मग चोरीची तारीखच वादात पडते. दुसरी, जागा. चांगल्या कॉम्प्रेशनचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण एक मेगाबिटच्या वेगाने चित्र लिहितो, म्हणजे दिवसाला अकरा जीबीच्या आसपास. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क लावलीत तर तीन आठवडे टिकेल, पुढे जुन्यावर नवं लिहिलं जाईल. तेव्हा संशयाचा प्रसंग दिसला की त्याच दिवशी प्रत काढून ठेवा.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची, म्हणजे चित्रणाची प्रत कुठल्या यंत्रावरून, कशी काढली हे लिहून देणाऱ्या कागदाची. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद आठवतोय का? उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. त्या चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र हजर केलेलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्र सांभाळणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

प्रश्न : परळच्या आमच्या इमारतीत समोरच्यांनी दारावर कॅमेरा लावलाय. आमचं दार उघडलं की सरळ आमचा हॉल त्यात दिसतो. बोललो तर म्हणतात, आमच्या भिंतीवर आहे, तुम्हाला काय?
– एक वाचक, परळ

उत्तर : भिंत त्यांची असली तरी हॉल तुमचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलंय. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका सामाईक घरातल्या भावांच्या वादात सांगितलं की दुसऱ्या राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तुमचं प्रकरण तंतोतंत तसं नाही, पण सोसायटीला अर्ज लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करा.

त्याआधी एकदा चहाला बोलवा त्यांना. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो. चित्रातला तुमच्या दाराचा चौकोन काळा करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यांचा स्वतःचा उंबरठा, चपलांचा स्टँड, पार्सल, सगळं तसंच दिसत राहतं. ते त्यांनी तुमच्यासमोर करून दाखवावं, एवढंच मागा.

प्रश्न : मी नांदेडहून नोकरीसाठी आले, अंधेरी पूर्वेला पीजीमध्ये राहते. खोलीत चौघी आहोत. बाथरूममध्ये नवीन एक्झॉस्ट बसवल्यापासून मला भीती वाटते. कुणाला सांगितलं तर हसतील. कॅमेरा आहे की नाही, हे कसं बघायचं?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : बाळा, कुणी हसलं तर हसू दे. तू बघच.

रात्री सगळे दिवे घालव, खिडकी झाक. मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धर आणि सावकाश फिरव. लपलेली भिंग कितीही बारीक असली तरी काच आहे, ती एका कोनात टाचणीच्या टोकाएवढी चमकते. एकदा फिरवून थांबू नकोस, उभी राहून, बसून, कोपऱ्यातून असं बघ. एक्झॉस्टची जाळी, गीझरचा दिवा, हुकांची पट्टी, आरशाची वरची कड. खोलीत चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, पलंगावरचा स्मोक डिटेक्टर, भिंतीवरचं घड्याळ, आणि ज्याचं तोंड उगाच पलंगाकडे केलंय अशी कोणतीही वस्तू.

मग त्याच अंधारात मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू कर, सेल्फीचा. अंधारात बघणारे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण बऱ्याच फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्याला जांभळट ठिपका दिसतो. आधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर करून बघ, तुझ्या फोनला दिसतो का ते कळेल. वायफायवर किती यंत्रं जोडलीत हे दाखवणारी ॲप्स आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नकोस. मी उघडलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांतले निम्मेअधिक नुसते मेमरी कार्डवर लिहिणारे होते, ते कुठल्याच यादीत येत नाहीत.

सापडला तर ओढून काढू नकोस. वर कापड टाक. जसा आहे तसा, खोलीसकट फोटो काढ. मालकाला आधी सांगू नकोस, कार्ड तासाभरात गायब होतं. चौघी मिळून ११२ किंवा १०३ ला फोन करा. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केला तर तीन ते सात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई त्याच्या जोडीला लागतं. हे आकडे पाठ करून जा. समोरचा अधिकारी टाळाटाळ करायला लागला की ते कामाला येतात.

आणि काही सापडलं नाही तरी मला कळव. तुझ्या पत्रापासून मला चैन नाही.

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्याला राहतो. आई ७८ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी बँकेत आहे, साडेआठला निघते. ब्युरोची बाई सकाळी आठ ते रात्री आठ असते. गेल्या महिन्यात दोनदा आईच्या दंडावर काळे-निळे डाग दिसले. बाई म्हणते, कूस बदलताना पडले. भाऊ दुबईला असतो, तो म्हणतो घड्याळात कॅमेरा बसव, बाईला सांगू नकोस, मला पण लिंक दे, मीही बघत जाईन. लॅमिंग्टन रोडला हजार-बाराशेला मिळतो म्हणे. बसवू का? आणि तसंच काही दिसलं तर चोरून काढलेलं कोर्टात चालतं का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी माझी एक गोष्ट सांगते. २०११ साली गिरगावातल्या एका घरात मी असंच घड्याळ लावलं होतं. घरात आजी, मुलगा, सून, आणि चौदा वर्षं कामाला असलेल्या मावशी. आजींच्या बांगड्या, अंगठी, साखळी गायब व्हायची आणि चार दिवसांनी कपाटात परत सापडायची. घरच्यांना वाटे, मावशी घेतात आणि घाबरून परत ठेवतात. सहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराचं चित्रण आम्ही बघत होतो. आजींनी बांगडी काढली, रुमालात बांधली, स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून ती खाली ठेवली. संध्याकाळी त्याच "माझी बांगडी कुणी नेली" म्हणून रडत होत्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती. कॅमेरा नसता तर डॉक्टरकडे जायला अजून वर्ष लागलं असतं, हे मी मनापासून मानते.

मुलाने आनंदाने मावशींना सांगितलं, तुमच्यावरचा आळ गेला. मावशी म्हणाल्या, "कसला आळ?" मग त्यांना घड्याळ दाखवलं. त्या बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. आजी डब्यात ठेवतात. मीच काढून कपाटात ठेवते." महिनाअखेरीस त्या काम सोडून गेल्या. नंतर कितीतरी महिने आजी रोज सकाळी त्यांना हाक मारत होत्या. ते घड्याळ मी लावलं होतं, त्याचे पैसे मी घेतले होते. तेव्हापासून घरातल्या माणसावर कॅमेरा लावायला कुणी बोलावलं की मी आधी विचारते, तुम्ही विचारलंत का त्यांना?

तुम्ही तर आईलाही विचारलेलं नाही. पत्रात तसं कुठे नाही, म्हणून म्हणते.

पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कातडीवर नुसतं दंडाला धरून उठवलं तरी डाग उठतो. आईच्या औषधांत तशी गोळी आहे का, ते डॉक्टरांना विचारा आणि डागांचे फोटो त्यांना दाखवा. बोटांचे ठसे वेगळे दिसतात, आपटल्याचा डाग वेगळा. हे बघायला डॉक्टरांचा डोळा हवा, बाराशे रुपयांचा कॅमेरा यात काही सांगू शकत नाही.

आता त्या घड्याळातून काय दिसेल, ते डोळ्यांसमोर आणा. दहा वाजता बाई आईला अंग पुसायला उघडं करते. दिवसातून तीन-चारदा डायपर बदलते. आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या आईचं हे सगळं चित्रण तुमच्या फोनवर, भावाच्या फोनवर आणि मधल्या कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाईल. भाऊ ऑफिसात चहा पिता पिता लिंक उघडेल आणि नेमकं तेच समोर येईल. त्यालाही ते सोसणार नाही. बाईला न सांगता लावलेला कॅमेरा आईलाही न सांगता लावलेला असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

ती ब्युरोची बाई आल्यावर साडी बदलून कामाचे कपडे कुठे घालते? त्याच खोलीत ना? मग वर अंधेरीच्या मुलीला सांगितलेलं कलम ७७ तिचंही रक्षण करतं. त्याच कलमात असंही आहे की बाईने चित्रणाला हो म्हटलं, पण ते पुढे पाठवायला हो म्हटलं नसेल, तर पाठवणं हा गुन्हा आहे. घरच्या ग्रुपवर "बघा कशी वागते" म्हणून टाकलेली क्लिपही यात अडकू शकते.

या स्वस्त घड्याळांचा आणखी एक धोका आहे. बऱ्याच घड्याळांत कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमके असे कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधून, साठ-एक ठरावीक पासवर्ड लावून बघून, लाखो यंत्रं ताब्यात घेतली होती. ज्या कॅमेऱ्याला लिंकवरून तुम्ही बघू शकता, त्याला दुसरं कुणीही बघू शकण्याची वाट उघडी असते.

कोर्टाचं विचारलंत. चोरून केलेलं ध्वनिमुद्रण आपल्याकडे जुन्या काळापासून चालत आलंय. मुंबईच्याच एका कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेच्या प्रकरणात लपून मुद्रित केलेलं फोनवरचं बोलणं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पुरावा म्हणून मानलं होतं. २०२५ मध्ये नवरा-बायकोच्या वादातही तसंच झालं. पण पुरावा म्हणून चालला म्हणजे तो मिळवण्याची पद्धत निर्दोष ठरली, असं नाही.

तरी छुपा कॅमेरा कधीच नको, असं मी म्हणणार नाही. बोलू न शकणाऱ्या माणसावर बंद दाराआड हात उगारला जातो, तेव्हा दुसरा साक्षीदार नसतो. मी स्वतः अशा एका घरी लावलाय आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण एक विचार करा. पुरावा मिळायचा तर आईला त्या बाईच्या हाती अजून चार दिवस ठेवावं लागेल आणि पुन्हा काही घडावं लागेल. ती आत आली की आई डोळे मिटून घेते, अंग चोरते, डावा हात वर करते, असं काही पाहिलंत का? पाहिलं असेल तर पुराव्याची वाट बघू नका. उद्या रजा टाका, ब्युरोला फोन करा, बाई बदला. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे बोला. पोलिसांत जायचं ते आईला सुरक्षित केल्यावर.

तसं काही दिसलं नसेल, नुसती धाकधूक असेल, तर उघडा कॅमेरा लावा. आईच्या पलंगाजवळ बसा. बोलणं गेलंय, समज गेलेली नाही ना? कॅमेरा हातात घेऊन दाखवा, कुठे लावणार ते सांगा, मान हलवून तिने हो म्हणेपर्यंत थांबा. नाही म्हणाली तर लावायचा नाही. मग बाईला आणि ब्युरोला सांगा. चांगल्या बायकांची फारशी हरकत नसते असा माझा अनुभव आहे, उलट उद्या भलता आळ आला तर त्यांच्याही बाजूने तोच बोलतो. दाराच्या वर, पलंगाच्या पायथ्याशी, उंचावर लावा. अंग पुसताना आणि कपडे बदलताना बाईने स्वतः भिंगेवरचं झाकण लावायचं आणि झालं की काढायचं. लिंक नको, कार्डवर चित्रण ठेवा, आणि बघायचं ते तुम्ही एकटीने. भावाला तुम्ही सांगाल तेवढं कळलं तरी पुरे, त्याला आईची काळजी आहे हे तुमच्या पत्रातून दिसतंय.

बारा तासांचं चित्रण रात्री दमून आल्यावर तुम्ही रोज बघणार नाही, हेही धरून चाला. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा न सांगता दुपारी दोनला घरी या. आईचं ताट, तिचं अंथरूण, गोळ्यांच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या बघा. शेजारच्या काकूंना अकराच्या सुमाराला डोकवायला सांगा.

तर आधी डॉक्टर, मग आईशी बोलणं, मग मी. पार्ल्यापर्यंत मी येईन, पैशाचं बघू नका. त्याआधी खोलीचा एक फोटो पाठवा, म्हणजे कुठे लावायचा ते ठरवता येईल. फोटो काढताना आई त्यात येऊ देऊ नका.